वाचकांचे प्रश्न : हृदयाचा कान फुगतो तेव्हा

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो की हृदयाला पण दोन कान असतात. त्यावर एवढी पत्रं येतील अन् मोबाईलवर एवढे रिपोर्टचे फोटो येऊन पडतील असं काही वाटलं नव्हतं. बहुतेकांनी गंमत म्हणून विचारलं, पण पाच-सहा जण खरोखर अडचणीत आहेत, आणि त्यातल्या काहींना जो आजार निघाला तो मी माझ्या एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमधे मोजून तीनदा पाहिला. म्हणून या वेळी बीपी-शुगरवाल्यांनी थोडं थांबा, तुमची पत्रं ठेवली आहेत जपून. नावं छापत नाही, तालुका तेवढा लिहितो.

प्रश्न : दारव्हा तालुक्यातून एक ताई लिहितात. "माह्या देराचं वय २७ आहे. दिवाळीपासून त्याची छाती धडधड करून राहिली. कापसाचं गाठोडं उचललं का दम लागते, बसला का बरं वाटते. गावात गॅसची गोळी देल्ली. मंग एक्स-रे काढला तर कोणी म्हणे टीबीची गाठ आहे, कोणी म्हणे हार्ट मोठं झालं. शेवटी नागपूरले सीटी केला, त्यात लेफ्ट अॅट्रियल अपेंडेज अॅन्युरिझम लिहून आलं, साईज ७ बाय ५ सेंटीमीटर. ऑपरेशन सांगतलं. मोबाईलवर पाहलं तर अॅन्युरिझम फुटते म्हणून लिहून आहे. हे फुटन काय? सासूबाई म्हणतात पोट्ट्याची छाती नाई फाडू देणार. काय करावं?"

ताई, आधी फुटण्याचं भ्या काढून टाका. मोबाईलवर तुम्ही जे वाचलं ते पोटातल्या मोठ्या धमनीचं नाहीतर मेंदूतल्या नसेचं असणार, तिथं रक्ताचा दाब जोराचा असतो म्हणून ते फुटतात. तुमच्या देराचा फुगा हृदयाच्या वरच्या कप्प्याला आहे, तिथं दाब फार कमी, त्यामुळे हा फुटणं फारच क्वचित. धोका आहे, नाही असं नाही, पण तो वेगळ्याच बाजूने येतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे आहेत ना, त्यांना बाहेरच्या बाजूने एकेक छोटी पिशवी लटकलेली असते, अंगठ्याएवढी म्हणा. तुमच्या रिपोर्टमधलं अपेंडेज म्हणजे हीच पिशवी, अन् अॅन्युरिझम म्हणजे तिचा झालेला फुगा. लॅटिनमधे तिला जे नाव आहे त्याचा अर्थच छोटा कान. आतून ती गुळगुळीत नसते, कंगव्याच्या दातांसारख्या स्नायूच्या बारीक पट्ट्या असतात तिच्यात, आणि प्रत्येक ठोक्याला त्या पिशवीला दाबून रक्त बाहेर काढतात. एखाद्याच्या त्या पट्ट्या जन्मापासूनच कच्च्या राहिल्या तर पिशवी हळूहळू सैल होत जाते, वीस-तीस वर्षं काही समजत नाही, आणि मग ऐन कामाच्या वयात धडधड सुरू होते. म्हाताऱ्यांची तंबाखूची चंची पाहिली असेल तुम्ही, नवी असताना कशी चापूनचोपून असते अन् वापरून वापरून कशी लोंबते, तसं. १९६० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असा एक पेशंट छापला तेव्हा शीर्षकातच त्याला मोठा कुत्र्याचा कान म्हटलं होतं, आणि खरंच, ऑपरेशनच्या टेबलावर पाहिलं तर तसंच दिसते.

आता धोका कुठून. आपला नाला पावसाळ्यात खळखळ वाहत असते तिथं शेवाळ धरत नाही, पण वळणावर जो डोह साचते त्यात धरते. या फुगलेल्या पिशवीत रक्त तसंच साचते, फिरत राहते, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. त्यात भर म्हणजे ताणलेल्या पिशवीमुळे ठोके बिघडतात, कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो, मग तर रक्त अजूनच साचते. साध्या माणसातसुद्धा, म्हणजे ज्याचे वाल्व चांगले आहेत पण ठोके असे बिघडले आहेत त्याच्यात, डाव्या कप्प्यातल्या दहापैकी नऊ गुठळ्या याच कानात सापडतात, मग इथं तर कानच ७ सेंटीमीटरचा. तिथून गुठळी सुटली की सरळ मेंदूकडे जाऊ शकते, म्हणजे लकवा. शिवाय पिशवी फार मोठी झाली तर शेजारून जाणाऱ्या हृदयाच्या नसेवर दाबते अन् छाती दुखते. दाबाखाली आलेला खालचा कप्पा कमी भरतो, म्हणून दम लागते. तुमच्या देराला गाठोडं उचलताना दम लागते यात धडधडीचाही वाटा असेल.

एक्स-रेवर टीबी अन् मोठं हार्ट असे दोन-दोन निदान निघाले याचं नवल वाटून घेऊ नका. छातीच्या फोटोत हृदयाची डावी कड नीट पाहिली तर वर महाधमनीचा एक उंचवटा, त्याखाली फुफ्फुसाच्या धमनीचा, मग जराशी आत गेलेली कंबर, अन् मग खाली मोठा कप्पा. या आजारात नेमकी ती कंबर भरून येते, तिथून एक गोल फुगवटा बाहेर दिसते. आता त्याच जागी गाठी पण होतात, पाण्याची पिशवी होते, छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ होते, आणि घाईघाईत पाहणाऱ्याला हृदयच मोठं दिसते.

मी पण तेच केलं होतं हो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एक तरुण सालदार आला, हेच, धडधड अन् दम. मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, 'हृदय थोडं मोठं' असं लिहिलं, लघवीची गोळी दिली, पाठवून दिला. आठ महिन्यांनी त्याला जीपमधे आणलं, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. पुढे मोठ्या दवाखान्यात कळलं की कानात गुठळ्याच गुठळ्या. त्याचा बाप तोच जुना फोटो कॅलेंडरसारखा गुंडाळून घेऊन आला होता, कडेला हळदीचा डाग, आणि मी तो पुन्हा उजेडात धरला तर तो फुगवटा असा दिसत होता जसं पऱ्हाटीवर एकच बोंड उललं आहे. पहिल्या दिवशी पण तो तिथंच होता. पोरगा वाचला, ऑपरेशन झालं, अजून येते संत्री घेऊन, डाव्या हातानं देते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच असते की एक्स-रेमधल्या सावलीला नाव मिळाल्याशिवाय तिच्यावर औषध सुरू करू नये, टीबीचं तर नाहीच नाही. तुमच्या देराच्या सावलीला नाव मिळालं, हे अर्धं काम झालं.

आता सासूबाईंचं. या आजारात औषधाने पिशवी लहान होत नाही. रक्त पातळ करायची गोळी गुठळीचा धोका कमी करते, ठोक्याची गोळी धडधड कमी करते, पण डोह तिथंच राहते. २७ वर्षाचा पोरगा, त्रास सुरू झालेला, पिशवी एवढी मोठी, त्याला ऑपरेशन सांगितलं तर मला त्यात काही चूक दिसत नाही, माझा भाऊ असता तरी मी हेच म्हटलं असतं. बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड उघडून, हृदय-फुफ्फुसाचं काम तेवढ्यापुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेऊन, पिशवी मुळापासून कापतात अन् तोंड शिवून टाकतात. कधी कधी डाव्या बरगड्यांमधून, मशीनशिवाय पण करतात, पण आत गुठळी असेल तर सर्जन सहसा मशीनच पसंत करतात, कारण चालू हृदयाला हात लावताना गुठळी सुटली तर सगळंच मुसळ केरात. पिशवीच्या मुळाशी हृदयाची एक महत्त्वाची नस चिकटून जाते, बाजूनेच श्वासाच्या पडद्याची नस जाते, म्हणून हे काम रोज हृदय उघडणाऱ्या माणसाचं आहे. ठोके आधीच बिघडलेले असतील तर त्याचा इलाज त्याच बैठकीत करता येतो, हे सर्जनला विचारून ठेवा. पिशवी गेल्यावर बऱ्याच जणांची धडधड थांबते.

साधारण आठवडाभर दवाखाना धरा. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तीन महिने जड काही नाही म्हणजे नाही. गाठोडं नाही, मोटरसायकलवर डबल सीट नाही, फवारणीचा पंप तर अजिबात नाही. १६ लिटरचा पंप म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो झालं अन् पट्टे बरोबर छातीच्या टाक्यावर येतात. हंगाम पाहून तारीख मागू नका, तारीख मिळाली की हंगामाचं पाहू. घरी गेल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप, छातीत टोचणं, पडलं की दम असं झालं तर हृदयाभोवती पाणी साचलेलं असू शकते, त्याच दिवशी दाखवा. पैशाचं म्हणाल तर रेशन कार्ड अन् आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, तो योजनेतल्या दवाखान्यातच बसलेला असते. कोणत्या पॅकेजात बसते, मंजुरी कधी, हे भरती व्हायच्या आधी लिहून घ्या, मागून धावपळ होते.

तोवर घरच्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ करून ठेवा. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात उचलत नाही, बोलणं लडबडलं, अचानक दिसेनासं झालं, तर लिंबूपाणी नाही, तेल चोळणं नाही, कांदा हुंगवणं नाही, १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता आलं तरच त्याचा उपयोग, आणि तुमच्या गावाहून सीटी असलेला दवाखाना किती लांब आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या, ते पाहूनच डॉक्टर ठरवतील इंजेक्शन देता येते का नाही.

प्रश्न : चिमूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका. "वय ४१. गाडीवरून पडले म्हणून छातीचा एक्स-रे काढला, बरगडी ठीक निघाली पण हा कान सापडला. मला काहीच त्रास नाही, तिसऱ्या मजल्यावर चढून जाते. एक सर्जन म्हणतात काढून टाका, एक हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात गोळीवर राहा, लक्ष ठेवू. खरं कोणाचं? आणि पायाच्या नसेतून छत्री बसवून कान बंद करतात म्हणे, ते नाही चालणार का?"

मॅडम, दोघंही खोटं नाही बोलून राहिले. आजार इतका विरळा की हजार पेशंटना दोन भागात वाटून कोणी तुलना केलेली नाही, जे काही माहीत आहे ते एकेका पेशंटच्या नोंदींवरून जमवलेलं. त्या नोंदी वाचणाऱ्या बहुतेकांचा कल मात्र काढून टाकण्याकडेच आहे, त्रास नसला तरी, कारण पहिला त्रास हाच लकवा असू शकतो अन् तो सांगून येत नाही, आणि चांगल्या हातात ऑपरेशनचा धोका कमी आहे. माझाही कल तिकडेच. पण तुमचं वय, पिशवीचा आकार, आत गुठळी आहे का, ठोके कधी बिघडतात का, नसेवर दाब आहे का, हे पाहिल्याशिवाय मी इथं बसून तुमची छाती उघडायला लावणार नाही.

म्हणून दोन्ही डॉक्टरांसमोर हेच ठेवा. २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोक्यांची नोंद घेणारं यंत्र, झाला का? आपल्याला न जाणवता रात्री ठोके बिघडलेले त्यात सापडतात. घशातून करायची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली का? छातीवरून केलेल्या साध्या इकोत हा कान कडेला राहते, कधी तर नुसती काळी पोकळी दिसते अन् पाणी आहे म्हणून लिहून जातात. घशातून केली की कान अगदी समोर येते, आत रक्त इकडून तिकडे जाताना दिसते, आणि कधी ते धुक्यासारखं हळूहळू गरगरताना दिसते. ते धुकं म्हणजे गुठळीच्या अलीकडची पायरी समजा. धुकं दिसलं असेल तर मी वाट पाहायच्या बाजूचा नाही.

आणि हा खरोखर त्याच जातीचा फुगा आहे ना, हे पण. १९८२ पासून डॉक्टर चार खुणा पाहतात : बाकीचा कप्पा साधारण असावा अन् फुगा त्यातूनच निघालेला असावा, दोघांमधे सरळ वाट असावी, फुगा हृदयाच्या आवरणाच्या आतच असावा, आणि त्याने डावा खालचा कप्पा दबलेला दिसावा. तिसरी खूण महत्त्वाची. काही लोकांच्या आवरणालाच जन्मापासून भोक असते, त्यातून चांगला धडधाकट कान बाहेर डोकावते अन् एक्स-रेवर हुबेहूब असाच फुगवटा दिसते. तो आजार वेगळा, त्यात कान भोकात आवळला जायची भीती. सीटी नाहीतर एमआरआयमधे हे उलगडते. सीटीवाल्यांना एक सांगून ठेवा, औषध सोडल्यावर मिनिटाभराने दुसऱ्यांदा फोटो घ्या म्हणून. साचलेल्या पिशवीत औषध उशिरा पोचते, पहिल्या फोटोत ती रिकामी जागा गुठळीसारखी दिसते अन् सगळ्यांच्या पोटात गोळा येते. दुसऱ्या फोटोत भरली तर गुठळी नव्हतीच.

छत्रीचं विचारलंत ते बरं केलं. ती साधारण मापाच्या कानासाठी बनवलेली आहे, ठोके बिघडलेल्या पण गोळी न झेपणाऱ्या लोकांसाठी. फुगलेल्या कानाचं तोंड बऱ्याचदा इतकं रुंद असते की छत्री तिथं धरतच नाही, आणि धरली तरी बाहेरची पिशवी तशीच लटकलेली राहते, नसेवरचा दाब तसाच. त्यामुळे या आजारात तिच्यावर भरवसा ठेवू नका.

प्रश्न : वणीहून एक भाऊ, वय ३४. "घशातून नळी टाकून तपासणी करायची आहे. लय भ्या वाटते. जीव गुदमरत नाही काय?"

गुदमरत नाही, श्वासाची नळी वेगळी अन् ही जाते अन्ननळीतून. सहा तास उपाशी राहायचं, घशात बधिर करायचा फवारा मारतात, गुंगीचं औषध देतात, दहा-वीस मिनिटांत मोकळे. नंतर दोन तास काही खायचं-प्यायचं नाही, बधिर घशात ठसका लागते.

पण भाऊ, तुमच्या पत्राच्या कडेला जो लालसर डाग आहे तो मला खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, वाटला, चुकत असेन तर माफ करा. खर्रा खात असाल तर आत्ताच आरशासमोर उभं राहून तोंड उघडा अन् आपलीच तीन बोटं उभी घालून पहा. तीन गेली तर ठीक. दोनच गेली किंवा एकावर अडली तर हे तपासणीच्या आधी, टेबलावर झोपायच्या आधी, डॉक्टरांना सांगा. खर्ऱ्याने तोंड आवळत जाते, आपल्या भागात ही नेहमीची भानगड आहे, पेशंट सगळं सांगते, तोंड उघडत नाही हे सांगत नाही, अन् मग नळी आत जात नाही. पुढे ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्यालाही याचीच पंचाईत होते, त्याला आधी माहीत असलं तर तो नाकातून, दुर्बिणीने नळी टाकायची तयारी ठेवते. खर्रा आजपासून बंद करा हे मी सांगणार अन् तुम्ही मान हलवणार, पण निदान तपासणीच्या दिवशी तरी खिशात ठेवू नका.

प्रश्न : आर्वी तालुका. "आईच्या रिपोर्टमधे डावा वरचा कप्पा फार मोठा झाला असं आहे, वाल्व आकसला आहे. हा तोच कानाचा आजार का? आणि गोळी चालू आहे तर पालेभाजी पूर्ण बंद केली, बरोबर आहे ना?"

नाही दादा, तो हा नाही. लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेले असतील आईचे, त्या तापाने वाल्व आकसते, रक्त पुढे जायला वाट अरुंद, म्हणून मागचा पूर्ण कप्पाच ताणते. कान पण थोडा ताणते, पण दुखणं वाल्वचं आहे, इलाज वाल्वचा, फुग्याने उघडणं नाहीतर बदलणं, आणि छाती उघडलीच तर त्याच वेळी कान बंद करून टाकतात बरेच सर्जन. एक्स-रेवर दोन्ही सारखे वाटू शकतात म्हणून तुमच्यासारखी गल्लत होते.

गुठळीची भीती मात्र दोन्हीकडे सारखी, म्हणून गोळी. कोणी नवी, रक्त न तपासता घ्यायची महाग गोळी सुचवली तर थांबा. वाताच्या तापाने वाल्व आकसलेला अन् ठोके बिघडलेले अशा पेशंटमधे २०२२ साली मोठी तुलना छापून आली, त्यात जुनीच, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठते ते दाखवणारा आकडा, तपासून घ्यायची गोळी सरस ठरली. आयएनआर साधारण २ ते ३ मधे ठेवायचा. पालेभाजी बंद करायची काही गरज नाही, उलट रोज थोडी, मापाने सारखी खाऊ द्या. महिनाभर बंद अन् मग एका दिवशी अख्खी मेथी-पालकाची परात, असं केलं की आयएनआर खाली येते. गुडघे दुखले म्हणून मेडिकलवरून दुखण्याची गोळी मात्र आणू नका, रक्त पातळ असताना ती पोटातून रक्तस्राव करते. काळी शी झाली, हिरड्यातून रक्त आलं, डोक्यावर पडली, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : कुरखेड्याहून. "पोराला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, पूर्ण आजार. त्याला हे ऑपरेशन करता येते का?"

येते, पण भूल देणाऱ्याला अन् मशीन चालवणाऱ्याला हे महिनाभर आधी कळलं पाहिजे. मशीनवर शरीर थंड करायची पद्धत असते, अन् थंडी, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन कमी पडणं हे तिन्ही सिकलच्या पेशंटला वाईट, म्हणून गरम ठेवतात, आधी रक्त बदलून सिकलचं प्रमाण खाली आणतात. जिथं सिकलसेलचे पेशंट रोज पाहतात अशाच मोठ्या ठिकाणी करा, विदर्भात तशी ठिकाणं आहेत, सेवाग्राम आहे, नागपूर आहे. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते फाईलच्या पहिल्या पानाला टाचा. आणि पोराची छाती कधी दुखली तर सगळंच सिकलचं समजू नका.

प्रश्न : अचलपूर तालुक्यातून एक आई. "मुलीचं चार वर्षांपूर्वी कानाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती १९ ची होती. सहा महिन्यांनी गोळी बंद केली, होल्टर चांगला आहे. आता पाहुणे येऊन राहिले. सांगावं का? तिला लेकरू होऊ शकते का? अन् लेकराला पण हे होईल का?"

माय, होऊ शकते. पिशवी गेली, ठोके नीट आहेत, बाकीचं हृदय चांगलं आहे, तर बाळंतपणाला अडचण यायचं काही कारण दिसत नाही. लग्न ठरल्यावर एकदा इको करून घ्या, अन् दिवस राहिल्यावर बाळंतपण तालुक्याच्या वर, जिथं हृदयाचा डॉक्टर हाकेवर आहे तिथं. हा आजार सहसा घराण्यात चालत येणारा नाही. तरी पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घेतली तर मन शांत राहते.

तिची गोळी बंद आहे म्हणून सोपं आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोण्या पोरीची चालू असेल तर तिने दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना सांगावं, पाळी चुकल्यावर नाही. ही रक्त पातळ करायची जुनी, आयएनआरवाली गोळी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या हाडांना, नाकाला इजा करू शकते, त्या काळात पोटाच्या कातडीखाली टोचायच्या इंजेक्शनवर नेतात. गोळी आपल्या मनाने बंद करणं त्याहून वाईट.

सांगावं का म्हणता, तर बायोडाटात लिहायची गरज नाही, पण पाहुण्यांनी पसंत म्हटलं की साखरपुड्याच्या आधी सांगा, डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून सांगा. छातीवर मधोमध वीतभर व्रण आहे, तो काही झाकून राहणार नाही. लग्नानंतर कळलं तर लोक आजाराला नाही, लपवण्याला धरून बसतात. कोणाला समजावून सांगायचं असेल तर त्या पाहुण्यांना माझ्याकडे चहाला पाठवा, हे मी या आधी पण केलं आहे, दोनदा जमलं, एकदा नाही जमलं.

पुढच्या अंकासाठी रिपोर्ट पाठवताना एक करा. एक्स-रेचा फोटो ट्यूबलाईटखाली चमकत येते अन् नेमकी हृदयाची डावी कड दिसत नाही. दिवसा खिडकीला चिकटवून, फ्लॅश बंद करून, पूर्ण फिल्म येईल असा काढा, नाव-गाव लिहिलेला कोपरा कागदाने झाका, आणि जुने एक्स-रे असतील, गादीखालचे, कपाटामागचे, दहा वर्षांपूर्वीचे, ते पण पाठवा.